सवलतीचा अर्ज कोणाकडे करायचा?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या २०२५ सालच्या पहिल्या परीक्षेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाने काढलेल्या अधिसूचनेत जन्मतारखेची मर्यादा २ जुलै २००६ ते १ जुलै २००९ अशी होती. म्हणजे २ जुलै २००६ रोजी जन्मलेला मुलगा पात्र आणि त्याच्या आदल्या दिवशी जन्मलेला अपात्र. कुठे तरी रेघ ओढावी लागते, हे मान्यच आहे. रेघेच्या पलीकडे एका दिवसाने, एका सेंटिमीटरने किंवा एखाद्या कागदाने राहिलेल्या उमेदवाराचे म्हणणे ऐकण्याची जागा राज्यव्यवस्थेत आहे की नाही, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. राजधानीतील मराठी कुटुंबांत, विशेषतः बदलीच्या नोकरीमुळे तीन-चार राज्यांतील शाळा पाहून आलेल्या मुलांच्या घरी, तो वर्षातून दोनदा तरी निघतो. आयोगाकडे विचारणा करावी तर आयोग अधिसूचनेकडे बोट दाखवतो. मंत्रालयात जावे तर परीक्षा घेणे हे आयोगाचे काम असल्याचे सांगितले जाते. दोन्ही उत्तरे बरोबर असतात आणि अर्जदार होता तेथेच राहतो.

गंमत अशी की कायदा इतका ताठर नाही. लष्कर अधिनियम, १९५० चे कलम १० वाचले तर राष्ट्रपती आपल्याला योग्य वाटेल त्या व्यक्तीस अधिकारी म्हणून कमिशन देऊ शकतात, एवढेच ते म्हणते. वय, उंची, वैवाहिक स्थिती, पदवी यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. कलम ११ परकीय नागरिकांच्या भरतीस मज्जाव करते. परंतु केंद्र सरकारच्या लेखी संमतीने ती करता येईल, अशी वाटही त्याच कलमात ठेवली आहे आणि नेपाळच्या प्रजाजनांना तर थेट मोकळीक दिली आहे. कलम १२ स्त्रियांना अपात्र ठरवते. मात्र केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ज्या शाखा खुल्या करील त्या वगळून. याच अपवादाचा आधार घेऊन ३० जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने स्त्रियांना काही शाखांत अधिकारी होता आले. सारांश, संसदेने केलेल्या कायद्यात सूट देण्याचा अधिकार सढळपणे दिलेला आहे. आक्रसत गेले आहेत ते त्याखालचे नियम, सूचना आणि जाहिराती. अधिकार आहे, पण तो वापरण्याची मागणी कोणत्या नमुन्यात, कोणाकडे व किती मुदतीत करायची, हे कोठे लिहिलेले नाही.

साताऱ्याची संचिका

या अधिकाराचा वापर झाल्याचे एक उदाहरण मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा जिल्ह्यात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडी हे त्यांचे गाव. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पतीनंतर आपणही गणवेश चढवणार, असा निर्धार व्यक्त केला. दोन लहान मुलांची आई असलेल्या या उमेदवाराच्या आड वयाची अट येत होती. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल दलबीरसिंग सुहाग यांनी शिफारस केली आणि तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वयाची अट शिथिल केली. त्यापुढचे काहीही शिथिल झाले नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. सेवा निवड मंडळाची मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतील जवळपास वर्षभराचे खडतर प्रशिक्षण त्यांनी इतरांच्या बरोबरीने पूर्ण केले. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. त्याच संचलनात नाईक मुकेश दुबे यांच्या पत्नी निधी दुबे यांनाही कमिशन मिळाले.

वीरपत्नींसाठी एक राखीव वाट नियमातच आहे. सेवेत असताना निधन पावलेल्या सैनिकाच्या पत्नीला अल्पसेवा कमिशनसाठी ३५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, मुले असली तरी चालते आणि आयोगाची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. पतीचा हुद्दा कोणता होता, हेही पाहिले जात नाही. विरारच्या गौरी महाडिक आणि मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे २०२० मध्ये याच वाटेने अधिकारी झाल्या. या वाटेवर जागा अगदी मोजक्या असतात. तरीही ती छापील आहे, अटींसह जाहीर आहे आणि गावातील कोणत्याही वीरपत्नीला ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. स्वाती महाडिक यांना मिळालेली सूट या वाटेच्याही पुढची होती. ती एका व्यक्तीसाठी, एका संचिकेवर, सर्वोच्च पातळीवर दिली गेली. निर्णय योग्यच होता, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही. त्यांनी प्रशिक्षण पूर्ण करून तो योग्य ठरवलाही. परंतु जिचा पती कर्नल नव्हता, जिचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले नाही आणि जी पस्तिशी नुकतीच ओलांडून बसली आहे, अशा दुसऱ्या एखाद्या स्त्रीने हीच मागणी करायची ठरवली तर तिने अर्ज कोणत्या पत्त्यावर धाडावा? लष्करप्रमुखांच्या शिफारशीसाठी नमुना अर्ज नसतो.

गरज कोणाची?

आजवरच्या सवलतींचा इतिहास पाहिला तर त्या बहुतेक वेळा उमेदवाराच्या अडचणीतून आलेल्या नाहीत. राज्यसंस्थेला गरज भासली की अटी सैल होतात. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर अधिकाऱ्यांची तातडीने गरज निर्माण झाली, तेव्हा आणीबाणी कमिशनची योजना आली आणि पुणे व मद्रास येथे अधिकारी प्रशिक्षण शाळा उभ्या राहिल्या. एरवी ज्यांना दारातही उभे केले गेले नसते, असे नोकरदार, शिक्षक, पदवीधर काही महिन्यांच्या शिक्षणानंतर सीमेवर गेले. आजची चेन्नईची अकादमी ही त्याच धावपळीची देणगी आहे.

जवानांच्या भरतीतील अलीकडचे उदाहरण याहून बोलके आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा कमाल वय २१ वर्षे होते. बिहार, उत्तर प्रदेश व अन्य राज्यांत तरुण रस्त्यावर उतरले, रेल्वेचे डबे पेटले आणि १६ जूनला सरकारने त्या वर्षापुरती कमाल वयोमर्यादा २३ केली. दोन वर्षे भरती होऊ शकली नव्हती म्हणून ही एकवेळची सूट, असे कारण देण्यात आले. कारण रास्त होते. पण ते १४ जूनलाही तेवढेच रास्त होते. करोनाच्या काळात ज्यांची संधी हुकली, त्या नागरी सेवा परीक्षेच्या उमेदवारांनी जादा प्रयत्नासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये फेटाळली होती, हे त्यासोबत आठवले म्हणजे सवलत कोणत्या भाषेत मागितली तर ऐकू येते, याचा अंदाज येतो.

दुसरा रस्ता न्यायालयाचा. प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले ते मंत्रालयाच्या आपखुशीने नव्हे. कुश कालरा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन मुलींना परीक्षेस बसू देण्यास सांगितले. हा धोरणात्मक प्रश्न आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. त्यामागे लिंगभेद असल्याचे न्यायालयाने सुनावले. पूर्वतयारीसाठी मे २०२२ पर्यंत वेळ द्यावा, ही सरकारची विनंतीही त्याच वर्षी २२ सप्टेंबरला अमान्य झाली आणि १४ नोव्हेंबरला मुलींनी परीक्षा दिली. जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये १९ मुली खडकवासल्यात दाखल झाल्या. त्यांच्यापैकी १७ जणी ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. जी तयारी वर्षभरात होणे कठीण असल्याचे सांगितले जात होते, ती काही महिन्यांत झाली.

निकषच कसे तपासावेत, याचा वस्तुपाठ लेफ्टनंट कर्नल नितीशा प्रकरणाच्या २५ मार्च २०२१ च्या निकालात आहे. स्थायी कमिशनसाठी महिला अधिकाऱ्यांना जे वैद्यकीय निकष लावले गेले, ते पुरुषांना सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी लावले जात होते; या महिलांना मात्र ते चाळिशी-पन्नाशीत लावले गेले. निकष तोच, लावण्याची वेळ वेगळी. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. पात्रतेचा नियम सर्वांना सारखा आहे, एवढे म्हटल्याने तो न्याय्य ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा. दारात उभ्या असलेल्या उमेदवारालाही तो लागू पडतो. संविधानाचे कलम ३३ सेनादलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला देते खरे; पण इच्छुक उमेदवार अद्याप सेनादलात दाखल झालेला नसतो, तो पूर्ण हक्कांसह नागरिक असतो. सशस्त्र दल न्यायाधिकरण लष्करी कायद्याच्या कक्षेतील व्यक्तींसाठी आहे. त्यामुळे प्रवेश नाकारलेल्या उमेदवाराला साधारणतः उच्च न्यायालयाचीच पायरी चढावी लागते, आणि ती पायरी किती खर्चिक आहे, हे राजधानीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

अपवादांचा नकाशा

तरीही सेनादलांच्या नियमांत अपवाद नाहीतच, असे समजणे चूक ठरेल. ते आहेत आणि त्यांचा नकाशा मोठा उद्बोधक आहे. नागरी सेवा परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षे व इतर मागासवर्गीयांना तीन वर्षे वयाची सूट असते, हे आपल्या अधिकारी वाचकांना पाठ आहे. सेनादलांच्या परीक्षांत तसे काही नाही. तेथे सूट मिळते ती भूगोलाला, परंपरेला, परवान्याला आणि निर्वासितपणाला. गुरखे, ईशान्येकडील डोंगराळ भाग, गढवाल आणि कुमाऊँ येथील उमेदवारांना किमान उंचीत ५ सेंटिमीटरची आणि लक्षद्वीपच्या रहिवाशांना २ सेंटिमीटरची सवलत आहे. ज्याच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा वैध परवाना आहे, त्याला हवाई दल अकादमीसाठी २४ ऐवजी २६ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. पाकिस्तान, ब्रह्मदेश, श्रीलंका किंवा केनिया, युगांडा, टांझानियासारख्या देशांतून परतलेले मूळ भारतीय यांना केंद्र सरकारचे पात्रता प्रमाणपत्र सादर करून उमेदवारी करता येते. नेपाळी गुरख्यांना तेही लागत नाही. लढाईत कामी आलेल्या वा जायबंदी झालेल्या सैनिकांच्या मुलांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या खास प्रवेशासाठी ‘सी’ प्रमाणपत्राची अट नाही.

उंचीच्या यादीत सह्याद्री नाही, हे मराठी वाचकाच्या लक्षात आले असेल. कुमाऊँचा डोंगर आणि अकोल्याचा, जव्हारचा, मेळघाटचा डोंगर यांत उंचीचा फरक आहेच; पण तेथील माणसांच्या शरीरयष्टीचा विचार झाला आणि येथील ठाकर, कातकरी, कोरकूंचा झाला नाही, याचे कारण भूगोलात शोधण्यापेक्षा पलटणींच्या जुन्या भरती-परंपरेत शोधावे लागेल. ज्या प्रदेशांतून ब्रिटिशांनी भरती केली, त्यांच्या शरीराची मापे लष्कराच्या दप्तरी होती.

या साऱ्या नियमांत एक कलम मात्र प्रस्तुत लेखकाला विशेष महत्त्वाचे वाटते. ते आहे गोंदणाचे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या पाठीवर गोंदलेले चालते, अन्यत्र नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु ज्या आदिवासी जमातींत चेहऱ्यावर वा अंगावर गोंदण्याची रूढी आहे, त्यांच्या उमेदवारांचा विचार प्रत्येक प्रकरणाच्या गुणदोषांवर करावा आणि त्याचा निर्णय निवड केंद्राच्या कमांडंटने घ्यावा, असे त्याच नियमात म्हटले आहे. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीच्या गोंड मुलीच्या कपाळावरील गोंदण हे तिने हौसेने काढलेले नसते. ते तिच्या आजीने तिला दिलेले असते. नियमाने ते ओळखले. सवलत कोणाला, कशासाठी आणि ती देणार कोण, ही तिन्ही उत्तरे त्या दोन-तीन ओळींत सापडतात. संरक्षणमंत्र्यांपर्यंत जाण्याची गरज नाही, खासदाराचे पत्र नको, वकील नको.

वैद्यकीय बाबतीतही पायऱ्या आहेत, पण त्यांना सवलत म्हणता येणार नाही. विशेष वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलेल्या उमेदवारास लष्कराच्या पद्धतीनुसार साधारणतः ४२ दिवसांच्या आत अपील मंडळापुढे जाता येते. तेथेही निर्णय विरुद्ध गेला तर पुनर्विलोकन मंडळाची मागणी करता येते. ही शेवटची पायरी हक्काची नसून सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांच्या मर्जीवर अवलंबून आहे, आणि तिची तपासणी दिल्ली छावणीतील लष्करी संदर्भ रुग्णालयात किंवा पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात होते. येथे पुन्हा पुन्हा तपासले जाते ते एवढेच, की दोष खरोखर आहे काय. दोष आहे, पण तो या कामाला बाधक नाही, असे म्हणण्याची सोय या पायऱ्यांवर नाही. अमेरिकेत नेमकी ती आहे. तेथील लष्करी अकादमी किंवा विद्यापीठांतील अधिकारी प्रशिक्षणासाठी येणारा उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला तर संबंधित अकादमी वा कार्यक्रम त्याच्यासाठी सूट मागू शकतो आणि त्या दलाचा नेमलेला अधिकारी कागदपत्रे पाहून होय किंवा नाही सांगतो. आधी अपात्रता, मग सवलतीचा विचार, अशा दोन वेगळ्या पायऱ्या तेथे आहेत. नकार तेथेही भरपूर मिळतात. पण तो कोणत्या टप्प्यावर मिळाला, हे उमेदवाराला ठाऊक असते.

ताठरपणाची बाजू

इथवर वाचून एखादा अनुभवी सनदी अधिकारी गालातल्या गालात हसला असेल. नियम सैल करण्याची पद्धत लिहून काढा, असे म्हणणे सोपे आहे. दिल्लीत अशा पद्धतीचे काय होते, हे त्याने पाहिलेले असते. ज्या दिवशी वयाच्या सवलतीचा नमुना अर्ज निघेल, त्या दिवसापासून खासदारांच्या बंगल्यांवर त्याच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा पडू लागेल. अर्धशासकीय पत्रे जातील, ‘प्रकरण तपासून पाहण्यात आले’ अशी उत्तरे येतील आणि ज्याची ओळख त्याची सूट, असा व्यवहार सुरू होईल. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला आज एवढा तरी भरवसा आहे, की रेघेच्या अलीकडे असलो तर कोणी मागे ढकलणार नाही आणि पलीकडे असलेला कोणी वशिल्याने पुढे सरकणार नाही. उमेदवारीसाठी दबाव आणणे हे आयोगाच्या नियमांत गैरवर्तन ठरते, ते उगीच नाही. सेवा निवड मंडळाची जी पत आजही देशभर टिकून आहे, ती या ताठरपणावर उभी आहे. हा आक्षेप हलका नाही. संसदेच्या वार्तांकनात काढलेल्या वर्षांनंतर तर तो अधिकच पटतो.

अधिकाऱ्यांचा तुटवडा आहे म्हणून अटी सैल करा, हा युक्तिवाद मात्र पटत नाही. मार्च २०२३ मध्ये सरकारने राज्यसभेत दिलेल्या आकडेवारीनुसार लष्करात, वैद्यकीय व दंत शाखा धरून, ८,१२९ अधिकाऱ्यांची कमतरता होती. आकडा मोठा आहे. पण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसणारे लाखांनी असतात आणि जागा चारशेच्या आसपास. जागा रिकाम्या राहतात त्या एक दिवसाने वय ओलांडलेल्या मुलांमुळे नव्हेत.

म्हणून वयाची सरसकट रेघ जागच्या जागी राहू द्यावी, असेच आमचे मत आहे. प्रश्न आहे तो जो अधिकार आजही वापरला जातो, त्याचा. एखाद्या वीरपत्नीसाठी लष्करप्रमुख शिफारस करू शकतात आणि मंत्री ती मान्य करू शकतात, तर तशी मागणी दुसऱ्या वीरपत्नीलाही करता आली पाहिजे. ३५ वर्षांच्या पलीकडे दोन किंवा तीन वर्षांपर्यंत सूट देता येईल, अर्ज अमुक शाखेकडे करावा, निर्णय कारणांसह अमुक दिवसांत कळवला जाईल, एवढ्या चार ओळी अधिसूचनेत घालण्यास कायद्यात बदल करावा लागत नाही. कलम १० पुरेसे आहे. वर्षभरात अशा किती सवलती दिल्या, कोणत्या कारणासाठी दिल्या आणि किती नाकारल्या, याचे निवेदन, नावे वगळून, संसदेच्या पटलावर ठेवले तर वशिल्याचा धोकाही बराच कमी होईल. वशिला अंधारात फोफावतो. आज या अधिकाराभोवती जो अंधार आहे, तोच त्याला सोयीचा आहे. गोंदणाच्या कलमाने निवड केंद्राच्या कमांडंटला विवेकाधिकार दिला म्हणून निवड केंद्रांची पत घसरली, असे कोणी म्हणत नाही.

खासदारांनीही यात लक्ष घालण्यास हरकत नाही. प्रश्नोत्तराच्या तासात अधिकाऱ्यांच्या तुटवड्यावर प्रश्न येतात, सैनिकी शाळांवर येतात, मुलींच्या जागांवर येतात. सवलतींच्या हिशेबावर एखादा अतारांकित प्रश्न विचारला तर उत्तर लेखी येते आणि ते सभागृहाच्या दप्तरी कायमचे राहते. एका उमेदवारासाठी लिहिलेल्या दहा अर्धशासकीय पत्रांपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

तोवर ज्यांच्या घरी या परीक्षांची तयारी चालू आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. जन्मतारखेच्या बाबतीत आयोग दहावीच्या किंवा समकक्ष प्रमाणपत्राखेरीज काही मानत नाही आणि अर्ज दाखल झाल्यावर ती बदलण्याची विनंती विचारात घेत नाही. जुन्या पिढीत गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट लावलेली १ जून ही तारीख वाड्या-तांड्यांवर अजूनही अधूनमधून आढळते. २०२५ च्या पहिल्या परीक्षेत १ जून २००६ ही तारीख महिन्याभराने बाहेर पडत होती. खरी तारीख वेगळी असेल तर दुरुस्ती शाळेतच, दहावीचे प्रमाणपत्र हाती पडण्यापूर्वी करून घ्यावी. महाराष्ट्र मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते आणि केंद्रीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर बहुधा शेवटी. बदलीमुळे दहावी एका मंडळाची आणि बारावी दुसऱ्याची, असे झालेल्या मुलांनी अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळवून भरावे. वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवले तर नकाराचे कारण त्याच दिवशी लिहून घ्यावे आणि अपिलाची मुदत मोजायला लागावे. नागरी रुग्णालयातील तज्ज्ञाचा अहवाल जवळ असलेला बरा.

आणि वयाची रेघ ओलांडलीच असेल, तर सवलतीच्या मागे न लागता दुसरी दारे पाहावीत. जवान म्हणून भरती झालेल्याला दोन वर्षांच्या सेवेनंतर २० ते २७ या वयात आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होता येते. सरकारी वा खासगी नोकरीत स्थिरावलेल्या पदवीधराला प्रादेशिक सेनेचे दार ४२ व्या वर्षापर्यंत खुले असते. तेथे नोकरी न सोडता कमिशन मिळते, वर्षातील ठरावीक काळ प्रशिक्षणाला द्यावा लागतो. कर्तव्यपथावरचे संचलन दरवर्षी सहकुटुंब पाहायला जाणाऱ्या आपल्या अनेक मराठी अधिकाऱ्यांना हे दार आपल्यासाठीही आहे, याची कल्पना नसते.